पुरुषाच्या अबोल्याची किंमत

देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात पुरुष असतात आणि आत्महत्यांच्या एकूण संख्येत महाराष्ट्र आघाडीवर राहिला आहे. पुरुष कणखर असतो, तो सहन करतो, तो बोलत नाही, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. मात्र या न बोलण्याची किंमत तो स्वतः मोजतो आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही मोजते. पुरुषाचे मन समजून घेणे हा त्यामुळे केवळ पती-पत्नीतील रुसव्याफुगव्यांचा विषय राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला आहे.

संध्याकाळी कामावरून परतलेला पुरुष चपला काढतो, हातपाय धुतो आणि टीव्हीसमोर बसतो. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येते. मराठी घरांत हा संवाद इतका नेहमीचा आहे की त्याची कोणी दखलही घेत नाही. साहेबांशी वाजलेले असो, कर्जाचा हप्ता थकलेला असो वा छातीत बारीकशी कळ येऊन गेलेली असो, उत्तर तेच असते. बायको काही दिवस विचारत राहते, मग विचारणे सोडून देते. मुले वडिलांच्या चेहऱ्यावरून हवामानाचा अंदाज घ्यायला शिकतात. या दोन शब्दांच्या उत्तरामागे काय दडलेले असते, याची कल्पना घराला अनेकदा फार उशिरा येते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत पुरुष १ लाख २२ हजार ७२४, तर स्त्रिया ४८ हजार १७२ होत्या. म्हणजे जवळपास ७२ टक्के पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. येथे त्या एका वर्षात २२ हजार ७४६ जणांनी जीवन संपविले. व्यवसायानुसार पाहिले, तर सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. एकूण आत्महत्यांपैकी २६.४ टक्के त्यांच्या होत्या.

कारणांच्या रकान्यात सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ आहेत. विवाहाशी थेट संबंधित कारणे वेगळी मोजूनही हे प्रमाण ३१.७ टक्के भरते. त्याखालोखाल आजारपण १८.४ टक्के. अर्थात पोलिसांनी नोंदविलेले कारण हे एका शब्दात बसवलेले असते. माणूस एका कारणाने मरत नाही. कर्ज, व्यसन, घरातील भांडण, कमीपणाची भावना आणि एकटेपणा यांचा गुंता झालेला असतो. तरीही पुरुषांच्या एवढ्या मोठ्या संख्येच्या पार्श्वभूमीवर ‘कौटुंबिक समस्या’ हा शब्द विचार करायला लावतो. ज्या कुटुंबासाठी आपण राबतो असे पुरुष सांगतो, त्याच कुटुंबात त्याला मन मोकळे करायला जागा सापडत नाही, असा त्याचा एक अर्थ निघतो.

दुसरा विरोधाभास मानसिक आजारांच्या आकडेवारीत आहे. नैराश्याचे निदान जगभर स्त्रियांमध्ये अधिक होते. आत्महत्येने मृत्यू मात्र पुरुषांचे अधिक होतात. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पाहणीच्या वेळी मानसिक विकार असलेल्यांचे प्रमाण पुरुषांमध्ये १३.९ टक्के आणि स्त्रियांमध्ये ७.५ टक्के आढळले. पुरुषांचा आकडा वाढण्यामागे मद्यासारख्या व्यसनांचा मोठा वाटा होता. म्हणजे एकीकडे दुःख अश्रूंतून आणि शब्दांतून बाहेर येते, तेव्हा त्याला नैराश्य म्हणतात. दुसरीकडे ते संताप, दारू, रात्री उशिरापर्यंतचे काम किंवा बेफाम गाडी चालवणे या वाटेने बाहेर येते, तेव्हा त्याला ‘स्वभाव’ म्हणतात. आजार ओळखलाच जात नाही, मग उपचार कोठून होणार?

स्वभाव की संस्कार?

पुरुष मुळातच वेगळा घडलेला असतो, तो वेगळ्या ग्रहावरून आला आहे, अशी मांडणी करणारी पुस्तके १९९० च्या दशकात अमेरिकेत लाखोंनी खपली आणि त्यांच्या आवृत्त्या आपल्या पदपथांवरील पुस्तकविक्रेत्यांकडेही पोहोचल्या. संशोधन मात्र या मांडणीला फारसा आधार देत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुषांतील मानसिक भेदांविषयीच्या ४६ मोठ्या संशोधन-आढाव्यांची एकत्रित छाननी केली. त्यांत तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक अगदी किरकोळ किंवा शून्याच्या जवळ जाणारे निघाले. शारीरिक आक्रमकतेसारख्या काही बाबतींत फरक ठळक होता. पण आत्मसन्मान, संवाद, विचारशक्ती अशा बहुसंख्य बाबतींत दोघांत भेदापेक्षा साम्यच अधिक होते.

मग फरक येतो कोठून? त्याचे उत्तर अंगणात आणि शाळेच्या पटांगणावर सापडते. पडलेल्या मुलीला उचलून जवळ घेतले जाते; पडलेल्या मुलाला ‘काही झाले नाही, ऊठ’ म्हटले जाते. ‘मुलीसारखा रडतोस काय?’, ‘हातांत बांगड्या भरल्या आहेत का?’ ही वाक्ये ऐकतच मुलगा मोठा होतो. या वाक्यांतून त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकवल्या जातात. रडणे हे कमीपणाचे आहे आणि मुलगी असणे हेही कमीपणाचे आहे. वडील अकाली गेले, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून नातेवाईक ‘आता तूच घरातला कर्ता’ असे सांगतात. त्या मुलाला स्वतःचे वडील गेल्याचे दुःख करण्याची सवड कोणी देत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी या प्रक्रियेच्या परिणामाला स्वतंत्र संज्ञा दिली आहे. स्वतःच्या मनात काय चालले आहे याला शब्द देता न येणे, ही अवस्था वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होती. पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या अनेक पुरुषांत तिचे सौम्य रूप इतके सर्रास आढळते, की ते जणू सर्वसामान्यच मानले जाते, असे लेव्हंट यांचे प्रतिपादन आहे. पुरुषाला ‘काय वाटते?’ असे विचारले, की तो ‘काय केले पाहिजे’ हे सांगू लागतो, याची मुळे येथे आहेत. भावनेचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला राग तेवढा ओळखता येतो. भीती वाटली तरी राग, लाज वाटली तरी राग आणि दुःख झाले तरी रागच.

काम गेले की माणूस जातो

पुरुषाच्या या जडणघडणीचा दुसरा आधार म्हणजे कमाई. ‘तो काय करतो?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलणीपासून अंत्ययात्रेतील कुजबुजीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. काम हेच ज्याचे नाव आणि गाव झाले, त्याचे काम गेल्यावर काय उरते, याचा धडा मुंबईने फार जवळून घेतला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठहून अधिक गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग, परळ, वरळी, शिवडीच्या चाळींतील हजारो घरांतील कर्ता पुरुष घरी बसला. त्या काळाचे आर्थिक आणि राजकीय विश्लेषण भरपूर झाले. पुरुषांच्या मनावर झालेल्या आघाताची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. भोंग्याच्या आवाजावर ज्यांचा दिवस उगवत आणि मावळत होता, त्यांना सकाळी उठून कोठे जायचे, हेच कळेनासे झाले. कित्येक जण गावी परतले, कित्येक दारूच्या आहारी गेले.

त्याच गिरणगावातील स्त्रियांचे चित्र मात्र काहीसे निराळे होते. गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या महिलांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’च्या रूपाने संघटित केले होते. संपानंतर जेवणाचे डबे, घरकाम, पापड-मसाले, शिवणकाम अशा मिळेल त्या मार्गाने बायकांनी चुली पेटत्या ठेवल्या. त्यांचे कष्ट कमी होते असे मुळीच नाही. उलट ते दुप्पट झाले होते. पण कोणतेही काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि शेजारणीजवळ रडण्याचीही त्यांना चोरी नव्हती. साचेखात्यात मानाने वावरलेल्या कामगाराला वॉचमनची नोकरी पत्करताना जे वाटले, ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते आणि ऐकणाराही नव्हता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने गिरणी कामगार कुटुंबाची वाताहत रंगभूमीवर आणली, तेव्हा त्या घुसमटीचे दर्शन मध्यमवर्गीय प्रेक्षकांना घडले.

गिरणगावातील चाळींच्या जागी आता टॉवर उभे आहेत. तेथील कार्यालयांत बसणाऱ्या तरुणाची स्थिती मुळात फारशी बदललेली नाही. कंपनीने कर्मचारीकपात केल्यावर ती बातमी घरी न सांगता रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडणारा पुरुष कथा-चित्रपटांतून अनेकदा भेटतो, याचे कारण तो ओळखीचा वाटतो. नापिकीने आणि कर्जाने घेरलेला विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी, निवृत्तीनंतर सहा महिन्यांतच चिडचिडा झालेला सरकारी अधिकारी आणि हा तरुण यांच्यात अंतर पुष्कळ आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येमागे शेतीमालाचे भाव, सिंचन आणि पतपुरवठा यांचे कठोर वास्तव आहे. ते बाजूला सारून सारा दोष त्याच्या मनावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. परंतु संकट सारखेच असताना ‘मी घर चालवू शकत नाही, म्हणजे मी कोणीच नाही’ हे समीकरण ज्याच्या मनात पक्के बसलेले असते, त्याच्यावर त्या संकटाचा घाव अधिक खोल बसतो, हेही नाकारता येत नाही.

संसारातील भिंत

पुरुषाच्या अबोल्याचा पहिला अनुभव पत्नीला येतो. वैवाहिक संवादाचा अनेक दशके अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची बोलणी चित्रित केली आणि त्याच वेळी त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजले. भांडणाच्या वेळी संवादातून अंग काढून घेणे, नजर टाळणे, भिंतीसारखे निर्विकार होणे, हे विवाह मोडण्याचे एक ठळक लक्षण त्यांना आढळले. त्यांच्या पाहणीत अशी भिंत उभारणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते. विशेष म्हणजे बाहेरून दगडासारख्या दिसणाऱ्या या पुरुषांच्या छातीचे ठोके त्या वेळी वेगाने पडत होते. पत्नीला वाटते, याला काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात त्याला इतके काही वाटत असते, की ते पेलत नाही म्हणून तो बंद होतो. दोघेही एकमेकांचा चुकीचा अर्थ लावतात आणि दरी वाढत जाते.

यावर उपाय साधा वाटला, तरी तो करणे सोपे नाही. ‘आता मला सुचत नाही, अर्ध्या तासाने बोलू’ एवढे सांगून बाजूला होणे आणि अर्ध्या तासाने खरोखरच परत येणे. अबोला आणि विश्रांती यांतील फरक एवढाच, की विश्रांती घेणारा परत येण्याचा शब्द देतो आणि तो पाळतो.

संसारात आणखी एक अदृश्य वाटणी झालेली असते. नातेवाइकांचे वाढदिवस, आजारपणांची विचारपूस, मुलांच्या शिक्षकांशी बोलणे, सासर-माहेरची ये-जा, हे सारे स्त्रीकडे असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणारे पुरुष केवळ ८८ मिनिटे. ही वाटणी स्त्रीवर अन्याय करणारी आहे, हे उघडच आहे. तिची दुसरी बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. घरातील कामे टाळताना पुरुष नकळत नातीही टाळत असतो. मुलाला आंघोळ घालताना, आईची औषधे देताना, बहिणीला फोन करताना जी जवळीक निर्माण होते, तिच्यापासून तो दूर राहतो. उतारवयात पत्नी गेली, की अशा पुरुषाची घराशी असलेली सारी जोडणीच तुटते. जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या काळात विधवांपेक्षा विधुरांच्या प्रकृतीवर अधिक परिणाम होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे, ते यामुळेच.

मित्रांचे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. नाक्यावरचा कट्टा, लोकलमधला ग्रुप, सोसायटीतील कॅरमचा अड्डा, हे पुरुषी मैत्रीचे वैभव आहे. त्यात क्रिकेट असते, राजकारण असते, शेअर बाजार असतो आणि एकमेकांची यथेच्छ चेष्टा असते. प्रसंग पडला तर रात्री-अपरात्री रक्त द्यायला धावणारे मित्रही याच कट्ट्यावर भेटतात. मात्र वीस वर्षे एकाच डब्यातून प्रवास करणाऱ्या मित्राचा घटस्फोट झाल्याचे तिसऱ्याकडून कळते, हेही तितकेच खरे. अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या एका पाहणीत जवळचा एकही मित्र नाही, असे सांगणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १५ टक्के निघाले. १९९० मध्ये ते ३ टक्के होते. आपल्याकडील महानगरे, दूरच्या उपनगरांतील घरे, प्रवासात जाणारे तीन-चार तास आणि हातातील मोबाइल पाहता या बाबतीत निश्चिंत राहण्यासारखी परिस्थिती नाही.

समजून घेणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे

पुरुषाच्या मनाविषयी बोलू लागले, की एक रास्त शंका उपस्थित होते. ज्याच्या हातून अन्याय होतो, त्याच्याविषयीच सहानुभूती कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. पती वारंवार दारू पिऊन येत असेल, तर हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाते; न पिणाऱ्या पतींच्या बाबतीत ते २३ टक्के आहे. म्हणजे दारू नसलेल्या घरांतही जवळपास चौथ्या भागात हिंसा आहेच. तिचे मूळ पत्नीवर आपला हक्क आहे या समजुतीत आहे. त्यामुळे मनातील कोंडी हे हिंसेचे स्पष्टीकरण असू शकते, समर्थन कदापि नाही.

ही जाणीव ठेवूनच पुरुषांनी पुरुषांशी बोलण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. पत्नीला मारहाण करणे ज्यांना अमान्य आहे, अशा पुरुषांना १९९१ मध्ये मुंबईतील एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून साद घातली. तिला दोनशेहून अधिक जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ म्हणजेच ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन तरुणांत काम केले, ‘पुरुष स्पंदनं’ या अंकातून पुरुषांना स्वतःविषयी लिहिते केले. पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकाराने ‘पुरुष उवाच’ हा अभ्यासगट सुरू झाला. स्त्रीमुक्ती चळवळीतील एक ज्येष्ठ कार्यकर्ती पुरुषांना ‘तुम्ही तुमच्याविषयी बोला’ असे सांगते, यात फार मोठे शहाणपण होते. स्त्री बदलली आणि पुरुष तेथेच राहिला, तर घरातील ताण वाढणारच, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

बोलते करण्याचे मार्ग

‘पुरुष मदत मागत नाहीत’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मदत त्यांच्या दारापर्यंत नेली, तर ते ती घेतात, याचे पुरावे जवळपासच उपलब्ध आहेत.

गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांची मद्यपानाबाबत चाचणी केली. धोकादायक पातळीवर मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांची त्यासाठी निवड झाली. त्यांतील निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशन मिळाले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. जास्तीत जास्त चार बैठका झाल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले होते; इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांचे प्रमाण तर ४२ विरुद्ध १८ टक्के होते. मात्र याच अभ्यासात पत्नीवरील हिंसेत लक्षणीय घट दिसली नाही. दारू सुटली म्हणजे वागणे आपोआप सुधारते असे नाही. त्यासाठी वेगळे काम करावे लागते, हा त्याचा बोध.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पातही गावपातळीवरील कार्यकर्त्यांवर भिस्त होती. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ १४ जिल्ह्यांत सुरू केला. या उपक्रमांतून दिसते ते असे, की गावातल्याच, ओळखीच्या, आपली भाषा बोलणाऱ्या माणसाजवळ मन मोकळे होते. जिल्हा रुग्णालयातील ‘मनोविकार विभाग’ अशी पाटी वाचून पुरुष मागे फिरतो.

पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने आणखी एक गोष्ट ओळखली. व्यसनी पुरुषाच्या उपचारांबरोबर त्याच्या पत्नीलाही आधाराची गरज असते. त्यासाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला. पुरुषाला बरे करण्याची जबाबदारी पत्नीवर टाकण्यापेक्षा तिच्या मनाचीही स्वतंत्र दखल घेणे, हा दृष्टिकोन आजही अनुकरणीय आहे.

दीर्घ मुदतीत नात्यांचे मोल काय, याचे उत्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासाने दिले आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि पुढे बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले, असे ७२४ पुरुष होते. त्यांच्या आयुष्याचा मागोवा कित्येक दशके घेतला गेला. पन्नाशीत जे आपल्या नात्यांविषयी समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. कोलेस्टेरॉलच्या पातळीपेक्षाही नात्यांतील समाधान हे भावी प्रकृतीचे अधिक चांगले निदर्शक ठरले. पैसा आणि हुद्दा यांच्यासाठी जो पुरुष आयुष्यभर नाती पुढे ढकलतो, त्याने हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

कायदा बदलला, आता घर

शासनाच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा उरलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत समुपदेशन मिळते.

कायदा आणि हेल्पलाइन या शेवटच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी घरात आहे. पडलेल्या मुलाला ‘लागले का?’ असे विचारण्याला पैसे पडत नाहीत. शाळांतील भावनिक शिक्षण, कामाच्या ठिकाणी समुपदेशकाची सोय, नोकरी गेलेल्याला नव्या नोकरीबरोबर मानसिक आधार, निवृत्तीपूर्वीच्या मार्गदर्शनात भविष्यनिर्वाह निधीबरोबर नात्यांचाही विचार, अशा अनेक गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पुरुष समोरासमोर बसून बोलायला बिचकतात. बरोबर चालताना, गाडी चालवताना, एखादे काम हातात असताना ते सहज बोलतात, असा समुपदेशकांचा अनुभव आहे. मित्राला ‘बरा आहेस ना?’ असे विचारून पहिल्या ‘हो’वर न थांबता पुन्हा एकदा विचारण्याची सवय कट्ट्यावरच्या मंडळींनीही लावून घ्यायला हवी.

स्त्रियांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मोठ्या कष्टाने स्वतःची भाषा मिळवली. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली, मंडळे काढली, मोर्चे नेले, एकमेकींची दुःखे ऐकली. पुरुषाच्या हाती सत्ता होती, म्हणून आपल्यालाही अशा भाषेची गरज आहे, असे त्याला कधी वाटलेच नाही. ती गरज किती तातडीची आहे, हे दरवर्षी प्रसिद्ध होणारे आकडे सांगतच आहेत. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ ऐवजी ‘आज फार थकलो, जरा बसशील का?’ एवढे जरी उत्तर येऊ लागले, तरी पुष्कळ घरांत पुढचा अनर्थ टळू शकेल.